छाट

भिशीचा नंबर कार्तिकात लागला.
अठरा हजार. आईला वाटलं, शिलाई मशीन येणार.
मी अकोळ रोडच्या बसगोंडाकडून
जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं,
दोन पंखे, त्यातला एक कुरकुरणारा.

त्याआधी सहा महिने मोबाइलवर
एक हिरवं बटण दाबत होते रोज.
दाबलं की नाणी पडायची म्हणे.
पडली. बाराशे चाळीस.
काढायला गेले तर ते दुकानच जागेवर नव्हतं.
बसगोंडा हसला नाही. म्हणाला,
फुकटचं शिकलीस, आता विकतचं शीक.

निपाणीतली आमची खोली दहा बाय बारा.
खिडकीपाशी आई, मांडीवर सूप,
तंबाखू, कात्री, लाल दोरा,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं.
समोरच्या भिंतीला माझं यंत्र.

"करतंय काय गं हे?"
आकडे वळतंय.
लाखो वळतंय, त्यातला एखादा बसतो.
"आन् बाकीचे?"
वाया.
आईनं दोरा दातानं तोडला.
"मुकादम कोण तुजा?"
दिसत नाही. कुठल्या देशात बसतो, ठाऊक नाही.
"मग छाट कोण काढतंय?"
मी पडद्यावर बोट ठेवलं:
घेतलेले इतके, नाकारलेले इतके.
इंग्रजी न वाचता तिनं नाकारलेल्यांचा रकाना ओळखला.
"बरा हाय की. आमचा छाट काढतोय
आन् तीच बिडी मागल्या दारानं इकतोय."

पाकिटाची किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळाले.
क्रम चुकला की सगळं गेलं.
आईच्या बिडी-कार्डाच्या पाठीवर लिहिले,
देवनागरीत, कुणाच्या ध्यानात येऊ नयेत म्हणून.
लेमन. टनेल. लॅडर. सेल.
पुढं मोबाइल हौदात पडला.
नव्या मोबाइलवर शब्द भरताना चौथ्यापाशी थांबले.
हा सेल विकण्याचा
की होडीच्या शिडाचा?
आमच्या अक्षरांत दोन्ही सारखेच.
विकण्याचा टाकला. दार उघडलं नाही.
शिडाचा टाकला. उघडलं.
मी कधी होडी पाहिलेली नाही.

विकायचं ते वेगळंच शिकले.
एका रात्री साडेअकराला भाव कोसळताना
हात थरथरत सगळं विकून टाकलं.
सकाळी चहाला आधण येईपर्यंत
भाव परत वर.
माझ्या भित्रेपणावर कुणीतरी कमावलं,
त्याचं नाव, गाव, भाषा
काहीच मला कळणार नाही.

मग बिल आलं, कन्नडात.
शाळेतली अक्षरं जुळवत वाचलं,
आकड्याला मात्र जुळवावं लागलं नाही.
तीन हजार एकशे चाळीस.
यंत्राची कमाई अठराशे सत्तर,
तीही त्या दिवशीच्या भावानं.
वर झोताच्या गरम वाऱ्यानं आईची पानं वाळली,
वळताना तडकायला लागली.
हजारामागं साठ छाट.
ती ओरडली नाही,
गोणपाटावर पाणी शिंपडत राहिली
आणि माझ्याकडं बघितलं नाही.

बसगोंडा म्हणाला, नऊ हजार देतो,
संक्रांत झाली की घेऊन जातो.

पौषातली पहाट. फरशी बर्फ.
तार काढायला उठले तर
आई यंत्रासमोर उकिडवी बसलेली,
दोन्ही पंजे पंख्याच्या झोतात धरून.
वीस वर्षं पानं दुमडून वाकडी झालेली बोटं
एकेक करून उघडत होती, मिटत होती.
"ऱ्हाऊ दे वाईच. बोटं सुटत्यात."

त्या दिवशी नऊच्या आत
तिच्या दोनशे बिड्या जास्त झाल्या.
वहीत माझे दोनच रकाने, जमा आणि खर्च.
पेन घेऊन बराच वेळ बसले.

आता पहाटे तासभर चालू ठेवते,
पानांचं गोणपाट दाराबाहेर नेऊन.
संक्रांत चार दिवसांवर आहे.
संध्याकाळी मुकादमाकडून आली की
आई चप्पल काढता काढता विचारते,
"तुजी छाट किती?"
तीन.
"माजी सतरा," म्हणते,
आणि पाय धुवायला जाते.